नाणेघाटातली दक्षिणा

जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर गेलं की खिंडीच्या तोंडाशीच एक गुहा लागते. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहन राजघराण्याने केलेल्या यज्ञांची जंत्री कोरलेली आहे. हा लेख राणी नागनिकेचा मानला जातो. आरंभी इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपालांना वंदन. मग अग्न्याधेय, अश्वमेध असे यज्ञ आणि त्यांची दक्षिणा. कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती, तर कुठे २४,४०० कार्षापण नाणी. आहुती अग्नीत गेली. आकड्यांनिशी कोरून ठेवलं गेलं ते माणसांना दिलेलं. या लेखातलं मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाची रीत वेगळी. होमार्पणाचं मांस वेदीवर संपूर्ण जाळायचं. शांत्यर्पणात मात्र चरबी देवाची, काही वाटा याजकाचा आणि उरलेलं अर्पण करणाऱ्याने आपल्या माणसांसह खायचं. पापार्पणात तर गरिबाची सोय मुद्दाम पाहिलेली: मेंढरू परवडत नसेल तर दोन पारवे, तेही जमत नसेल तर थोडं सपीठ.

जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत अग्नी नाही, पशू नाही. पण देणं आहेच. इरिल नावाच्या यवनाने (म्हणजे ग्रीकाने) पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप. त्यांतल्याच लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचं दान आहे, आणि तसं त्याच्या दर्शनी भागावर कोरलेलं आहे.