द्राक्षांची काकवी घरच्या घरी



द्राक्षाची तोडणी झाली, व्यापाऱ्याची गाडी भरून गेली, की बागेत मागे काय उरते? कात्रीने काढलेले बारीक मणी, आकाराने लहान म्हणून बाजूला पडलेले घड आणि क्रेटच्या तळाशी साचलेले सुटे मणी. नाशिक, सांगली, सोलापूर भागांतल्या कितीतरी बागांतून असा माल उकिरड्याची वाट धरतो. वर्षभर लेकरासारख्या जपलेल्या वेलीची ही गोडी वाया का घालवावी? तिची काकवी करता येते, आणि तीही घरच्या चुलीवर.

ही युक्ती नवी नाही. तुर्कस्तानातल्या खेड्यांत द्राक्षाचा रस आटवून असाच पाक पिढ्यान्‌पिढ्या करतात. त्याला तिकडे ‘पेकमेझ’ म्हणतात. हिवाळ्यात तो वाटलेल्या तिळात कालवून खातात. आपल्या गुऱ्हाळावर उसाच्या रसाची काकवी होते, त्यातलाच हा प्रकार.

आधी माझी चूक

कृतीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका गावी महिला बचत गटापुढे मी ही काकवी करून दाखवली. बोलण्याच्या भरात म्हणालो, “यात साखरेचा एक दाणाही नाही!” एका सुनेने ती बाटली मोठ्या विश्वासाने घरी नेली आणि मधुमेह असलेल्या सासूबाईंना सकाळ-संध्याकाळ भाकरीबरोबर दिली. आठ-दहा दिवसांत सासूबाईंना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्या बऱ्या झाल्या, सुनेने मला दोषही दिला नाही. पण चूक माझीच होती. वरून साखर घातली नाही, म्हणजे साखर नाही असे होत नाही. द्राक्षातली गोडी म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखराच, आणि आटवल्यावर त्या दाट होतात. म्हणून मधुमेही माणसाने ही काकवी साखरेइतकीच वर्ज्य समजावी. दोन वर्षांखालच्या बाळालाही ती देऊ नये.

माल कोणता घ्यावा?

पूर्ण पिकलेले, गोड मणीच घ्या. हिरवट मण्यांची काकवी आंबट होते, कारण पाण्याबरोबर आंबटपणा उडून जात नाही, तोही दाट होतो. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर गोडी २० ब्रिक्सच्या आसपास असावी.

शेवटच्या फवारणीनंतर लेबलवर दिलेले दिवस उलटले नसतील, तर त्या मालाला हात लावू नका. औषधाचा अंशही रसाबरोबर दाट होऊ शकतो. आंतरप्रवाही औषध तर धुऊनही निघत नाही. पावसाने तडकलेले, बुरशी आलेले मणी निर्दयपणे फेकून द्या. काही बुरशींचे विष उकळल्यानेही जात नाही.

कृती

१. दहा किलो मणी देठ काढून दोन-तीन पाण्यांत स्वच्छ धुवा.

२. स्टीलच्या पातेल्यात हाताने कुस्करा. मंद आचेवर दहा मिनिटे गरम करून धुतलेल्या सुती फडक्यातून गाळा. साधारण सहा लिटर रस निघेल.

३. रसाला एक उकळी आणून झाकून ठेवा. तीन-चार तासांत गाळ खाली बसतो. वरचा नितळ रस अलगद ओतून घ्या. कच्चा रस रात्रभर ठेवू नका, उन्हाळ्यात तो लगेच आंबतो.

४. आता पसरट भांड्यात रस आटवा. सुरुवातीला आच मोठी ठेवा आणि वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहा. रस निम्म्यावर आला की आच कमी करा आणि ढवळणे थांबवू नका. शेवटच्या पंधरा मिनिटांत लक्ष हलले, तर काकवी करपून कडू होते.

५. थंड ताटलीवर थेंब टाका. तो पसरला नाही, की भांडे उतरवा. सहा लिटरांची सव्वा ते दीड लिटर काकवी होते.

भांडे स्टीलचेच घ्या. बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात आंबट रस कळकतो, ॲल्युमिनियमही नको. प्राचीन रोममध्ये असाच रस शिशाच्या भांड्यांत आटवत आणि गोडाबरोबर विष पोटात घेत.

साठवण आणि वापर

काचेच्या लहान बरण्या पाण्यात उकळून, पूर्ण कोरड्या करून घ्या. काकवी गरम असतानाच भरा आणि घट्ट झाकण लावा. उघडलेली बरणी फ्रीजमध्ये ठेवा. तळाशी काचेसारखे कण दिसले तर घाबरू नका, ते द्राक्षातल्या आम्लाचे खडे असतात. मात्र फेस आला किंवा दारूसारखा वास आला, तर सगळी बरणी ओतून द्या.

भाकरी-तुपाबरोबर, दशमीच्या कणकेत, तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या कुटात ती छान लागते. उकळत्या दुधात मात्र घालू नका, दूध फाटते.

हिशेबही सरळ सांगतो. विकत द्राक्षे आणून आणि सरपण जाळून केली, तर ही काकवी साखरेपेक्षा महाग पडेल. घरचा टाकाऊ माल आणि ऑक्टोबर छाटणीच्या वाळलेल्या काड्या असतील, तरच ती परवडते. विकायची असेल, तर आधी अन्न व्यवसायाची नोंदणी करून घ्या. आणि बाटलीवर ‘साखरमुक्त’ असे कधीही लिहू नका. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून कोणाची तरी सून ती बाटली घरी नेणार आहे, एवढे ध्यानात असू द्या.