चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन चाके

पुण्यात ‘गाडी’ म्हणजे दुचाकी. वाहनाला चार चाके असतील तर ते मुद्दाम सांगावे लागते. ज्या शहरात भाजी आणायला, नाटकाला, कार्यालयात जेवायला, इतकेच काय पण लग्न लावायला निघालेले गुरुजीसुद्धा गाडीवरूनच जातात, त्या शहरात जन्म काढून मला चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत गाडी येत नव्हती. मी कॉलेजात मराठी शिकवते. माझ्या विद्यार्थिनी फाटकातून भुर्रकन आत शिरायच्या आणि मागून त्यांच्या बाई रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालीत उतरायच्या. कुणी ‘मॅडम, सोडू का?’ म्हटले की मी निमूटपणे मागे बसत असे.

का येत नव्हती, याला सांगण्यासारखे कारणच नाही. वडिलांनी कधी ‘नको’ म्हटले नाही. दादा लुना शिकला तेव्हा ते स्वतः धापा टाकीत त्याच्या मागे धावले होते. माझी पाळी आली तेव्हा ‘तुला कशाला, दादा सोडेल की’ एवढेच म्हणाले. लग्नानंतर ‘मी आहे ना’ असे म्हणणारे यजमान मिळाले. माणसे प्रेमळ असली की अशी पंचाईत होते. भांडायचे तरी कुणाशी?

यजमानांची बदली नागपूरला झाली, त्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला आईचा फोन आला. ती न्हाणीघरात घसरून पडली होती. आमचे घर कर्वेनगरात, आई सदाशिव पेठेत एकटी. अंतर फार तर चार-पाच किलोमीटर. फोनवरून रिक्षा मागवली. पहिल्याने ‘येतो’ म्हणून रद्द केली, दुसऱ्यानेही तेच केले. तिसरी मिळून मी आईच्या दारात पोहोचेपर्यंत पाऊण तास उलटून गेला होता. शेजारी गावाला गेले होते. आई भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसली होती. उजवे मनगट सुजले होते.

“फार वेळ लागला गं मला,” मी म्हटले.

“मी कुठे जाणार होते?” आई म्हणाली.

ते वाक्य घेऊन मी घरी आले आणि दुसऱ्या आठवड्यात शिकाऊ परवाना काढला.

आपल्याकडे मोटार शिकवणाऱ्या शाळा गल्लोगल्ली असतात. दुचाकी मात्र बाप किंवा भाऊ मागे धावून शिकवतो, अशी जुनी वहिवाट. ज्यांच्या मागे धावायला कुणी नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न आता बायकांनीच सोडवला आहे. बायकांना स्कूटर शिकवणाऱ्या बायका पुण्यात आता सापडतात. अशाच एका बाईंकडे मी जाऊ लागले. सकाळी सहाला एका ओसाड मैदानावर आम्ही पाच जणी जमत असू. एक बँकेतून निवृत्त झालेल्या आजी, दोघी सुना, एक परिचारिका आणि मी. जन्मभर दुसऱ्यांना नापास करणारी बाई विद्यार्थी म्हणून किती भित्री असते, ते मला तिथे कळले.

पहिले दोन दिवस बाईंनी इंजिन सुरूच करू दिले नाही. गाडी नुसती ढकलत न्यायची, वळवायची, स्टँडवर लावायची. शंभर किलोंच्या आसपासचे ते धूड मी दोन्ही हातांनी उचलायला गेले आणि कंबर धरून बसले. बाई म्हणाल्या, “मॅडम, उचलायची नसते. स्टँडवर पाय रोवून आपलं वजन टाकायचं, हाताने नुसतं मागे घ्यायचं.” तसे केले आणि गाडी आपसूक वर चढली. मग सीटवर बसून, दोन्ही पायांनी जमीन रेटत चालायचे. पाय आपोआप उचलले जाऊ लागले की समजायचे, तोल आला.

सायकल येणाऱ्या बाईचा तोल लवकर येतो, हा बाईंचा अनुभव. मला सायकल येत होती, त्यामुळे मी वर्गात जरा ताठ मानेने वावरू लागले. त्याचे फळ पाचव्या दिवशी मिळाले. समोरून एक कुत्रे आले. मी घाबरले, मूठ आवळली, आणि आवळताना मनगट आत वळले. उजव्या मुठीत वेग असतो! थांबायच्या ऐवजी गाडी उधळली आणि मी घाणेरीच्या झुडपात जाऊन पडले. कुत्रे सुखरूप होते. सायकलवर दोन्ही मुठी नुसत्या धरायला असतात. इथे एक मूठ जिवंत असते, हा फरक शरीराला कळायला वेळ लागतो. यावर बाईंचा उपाय साधा होता. शिकत असताना डाव्या हाताची दोन बोटे कायम ब्रेकवर ठेवायची आणि भीती वाटली की उजवा हात सैल सोडायचा. “भीती वाटली की सोडायचं,” असे त्या दिवसातून दहा वेळा म्हणत. नव्या स्कूटरना 2019 पासून दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली आहे. डावा दाबला तरी पुढच्या चाकालाही थोडा लागतो. त्यामुळे शिकणाऱ्याचे बरेच निभावते.

दुसरा धडा नजरेचा. खड्ड्याकडे पाहिले की गाडी खड्ड्यातच जाते. जिथे जायचे तिथे पाहायचे, गाडी मागोमाग येते. आणि पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे नि गटाराची लोखंडी झाकणे यांच्यावर ब्रेक म्हणून लावायचा नाही.

शिकवण्याचा पेशा असल्यामुळे मी संध्याकाळी पुस्तके चाळू लागले. 1946 साली इटलीत व्हेस्पा निघाली. तिचा आराखडा करणारे कोर्रादिनो दास्कानियो हे मूळचे विमानांचे अभियंते, आणि त्यांना मोटारसायकल मुळीच आवडत नसे. म्हणून त्यांनी इंजिन मागे झाकून टाकले आणि पुढे पाय ठेवायला मोकळी जागा सोडली. घोड्यासारखी टांग मारावी लागेना. झगा घातलेली बाईसुद्धा सहज बसू लागली. आपल्याकडे त्याच घाटाच्या स्कूटरी घरोघर आल्या, पण डाव्या मुठीत गिअर, लाथ मारून सुरू करायची, आणि रुसली तर आधी एका बाजूला कलती करायची. तो सगळा पुरुषांचा कारभार होऊन बसला. 1972 साली लुना आली, तिला गिअर नव्हते. 1984 साली कायनेटिक होंडा आली, तिला तर लाथही नको, बटण दाबले की झाले. पुण्याच्या मुली खऱ्या अर्थाने गाडीवर बसल्या त्या या दोघींमुळे, असे माझे मत आहे.

हे सगळे मी आईला उत्साहाने सांगत होते. तिचा हात अजून प्लास्टरमध्ये होता.

“मला सायकल यायची,” आई म्हणाली. “कॉलेजला रोज सायकलवर जायचे. नऊवारीवाल्या काकू कौतुकाने बघायच्या.”

“मग पुढे?”

“पुढे लग्न झालं. सायकल धाकट्या भावजींना लागायची. मग तुझ्या बाबांनी लुना घेतली.”

“तू का नाही शिकलीस? तोल तर होता तुला!”

आईने थोडा विचार केला. “कुणी विचारलं नाही,” ती म्हणाली, “आणि मीही नाही विचारलं.” वीस वर्षे ती त्या लुनावर मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

पुढच्या महिन्यात परवान्याची चाचणी झाली. जमिनीला पाय न टेकवता आठाचा आकडा काढायचा. माझा आकडा सुबक नव्हता, पण पाय टेकला नाही. नागपूरला फोन केला तेव्हा यजमान म्हणाले, “आता मला स्टेशनवर घ्यायला येशील ना?” हेल्मेट आणलेत तर येईन, असे मी सांगितले.

पण खरी अडचण पुढेच होती. आईला मागे बसवायचे होते. साडी नेसून एका बाजूला बसले की सगळे वजन डावीकडे जाते, आणि नवशिक्या हाताला ते वळणावर सावरत नाही. बाईंनी मला स्पष्ट बजावले होते, पहिले काही महिने मागे बसणाऱ्याने दोन्हीकडे पाय टाकूनच बसायचे. बहात्तर वर्षांच्या, जन्मात साडीखेरीज काही न नेसलेल्या आईला हे सांगायचे कसे?

मी तिला व्हॅन ब्यूरेन बहिणींची गोष्ट सांगितली. 1916 साली ऑगस्टा आणि ॲडेलिन या दोघी मोटारसायकलींवरून अमेरिका आडवी ओलांडून गेल्या. वाटेत गावोगावच्या पोलिसांनी त्यांना अडवले. वेगासाठी नव्हे, पुरुषी विजारी घातल्या म्हणून! आईने गोष्ट ऐकून घेतली आणि काही न बोलता चहा टाकायला उठली.

प्लास्टर काढल्यानंतर तपासणीला जायचे होते. मी सकाळी गाडी घेऊन पेठेत गेले. दार उघडले तर आई पंजाबी ड्रेस घालून उभी. फिकट निळा, कडक इस्त्रीचा, वर ओढणी गाठ मारून बांधलेली.

“कधी शिवलास?”

“तू आठाचा आकडा काढत होतीस तेव्हा,” ती म्हणाली. “बघत काय बसलीस? हेल्मेट कुठे आहे माझं?”

जिन्याखाली येऊन तिने डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, एकदा गल्लीत कोणी पाहत नाही ना याची खात्री करून घेतली आणि पाय पलीकडे टाकला. लक्ष्मी रस्त्याच्या वळणावर माझी मूठ जरा आवळली गेली.

“सोड,” मागून आई म्हणाली.