गाठीत दडलेला गुलाबी रंग

बाळापूरच्या काळ्या वावरात हरभरा फुलावर आला, की एक झाड खुरप्यानं मातीसकट अलगद काढा. उपटू नका, उपटलं की खरी गंमत मातीतच राहते. मुळं धुतली, की त्यांना धरलेल्या वेड्यावाकड्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं चिरा. आत चक्क लालसर गुलाबी! आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं एक प्रथिन तिथं आहे, लेगहिमोग्लोबिन. झाडाला हे कशाला लागावं?

त्यासाठी आधी हवेकडे बघू. हवेत 78 टक्के नायट्रोजन, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की पिकाला त्याचा थेट काडीचा उपयोग नाही. ही जोडी फोडायला खताच्या कारखान्यात 400 अंशांच्या वर तापमान आणि हवेच्या शंभरपटीहून जास्त दाब लागतो. गाठीतले रायझोबियम गटातले जिवाणू तेच काम हिवाळ्यातल्या ओलसर मातीत बिनबोभाट करतात!

फक्त एक अडचण आहे. हे काम करणारं त्यांचं विकर, नायट्रोजनेज, ऑक्सिजन लागला की निकामी होतं. आणि जिवाणूंना जगायला तर ऑक्सिजन हवाच. मग? लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच पुढं सोडतं. म्हणून गुलाबी गाठ म्हणजे चालू गाठ. हिरवट निघाली, तर तिचं काम संपलेलं.

बरं, हे जिवाणू आत शिरतात कसे? झाडच त्यांना बोलावतं. मूळ मातीत फ्लेव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं, ओळखीचा जिवाणू आपल्या रसायनानं उत्तर देतो, मग मुळावरचा केस वळून त्याला कवेत घेतो आणि आत जायला बारीक वाट तयार होते. निरोप जुळला नाही, तर प्रवेश नाही. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही, तो याचमुळे.

आणि आत बसून नुसतं खाणाऱ्याचं काय? 2003 साली संशोधक टोबी कायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या काही गाठींभोवतीचा नायट्रोजन काढून तिथं आर्गॉन भरला. जिवाणू बिचारे तयार, पण मालच नाही! बिल थकवणाऱ्याची वीज तोडावी, तसा झाडानं त्या गाठींचा ऑक्सिजन घटवल्याचं मोजमापात दिसलं. जिवाणूंची वाढही तिथं निम्म्यावर आली. मेंदू नाही, वही नाही, तरी एकेका गाठीचा हिशेब चोख!

गाठी कडधान्यांच्या घराण्यातल्या पिकांना येतात. पण बिनगाठीची पिकंही आतून रिकामी नसतात. पऱ्हाटीच्या मुळात, खोडात, पानांतही जिवाणू राहतात. ब्राझीलमध्ये शास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 1988 मध्ये उसाच्या आत राहून नायट्रोजन पकडणारा जिवाणू जगापुढे आणला.

आपल्याकडच्या माणसाला मात्र मिठाची गोष्ट जास्त जवळची वाटेल. बाळापूर तालुक्यातली कित्येक गावं पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतात. क्षार वाढले, की पीक स्वतःच इथिलीन वायू जास्त बनवतं आणि त्यानं मुळांची वाढ खुंटते. झाडात राहणारे काही जिवाणू हा वायू ज्या कच्च्या मालापासून बनतो, तोच खाऊन टाकतात! मूळ पुन्हा वाढू लागतं. हे प्रयोगांत अनेकदा दिसलंय. वावरात मात्र माती, ऊन, पाऊस आणि आधीपासून तिथं असलेले जिवाणू यांच्यापुढे बाहेरून आणलेला प्रत्येक जण टिकेलच असं नाही, म्हणून चमत्काराची हमी देणाऱ्या बाटलीवर माझा तरी भरवसा नाही.

बियाण्याला लावायच्या रायझोबियमच्या साध्या पाकिटावर मात्र आहे. पीक बघून घ्या, मुदतीची तारीख वाचा, बुरशीनाशक लावायचं तर ते आधी लावा. जिवाणू लावलेलं बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरा. उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात. आणि पेरताना युरियाचा हात आखडता ठेवा, कारण मातीत आयता नायट्रोजन भरपूर मिळाला की झाड गाठीच कमी धरतं.