गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वीं

स्वयंचलित मोटारीला क्लचचें पेडल नसतें. परंतु क्लच मुळींच नसतो असें मात्र नाहीं. इंजिन आणि गिअर यांच्यामध्यें तेलानें भरलेलें एक बंद भांडें असतें. तेंच टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आपल्या पात्यांनीं तें तेल घुसळतें, आणि उसळलेलें तेल समोरच्या चक्रावर आदळून त्यास पाणचक्कीप्रमाणें फिरवितें. हेर्मान फ्योटिंगर यांनीं जर्मनींत १९०५ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें तें जहाजांसाठीं. मोटारींत ती पुष्कळ मागाहून आली. (हल्लींच्या कांहीं स्वस्त स्वयंचलित गाड्यांत साधा गिअरबॉक्सच यंत्रानें हलविला जातो. त्यांच्याविषयीं हें भाषण नव्हे.)

तेलानें फिरणारें चक्र इंजिनाच्या किंचित् मागेंच राहतें, आणि तेवढी शक्ति उष्णता होऊन वायां जाते. म्हणून गाडीनें वेग घेतला कीं भांड्यांतील एक क्लच दोन्ही बाजू एकमेकींस जखडतो. यास लॉक-अप म्हणतात. १९४९ सालच्या पॅकार्ड मोटारींत ही सोय होती. १९७३ नंतर पेट्रोल महागलें तेव्हां ती सर्वत्र पसरली.

ह्या क्लचची सर्वांत फसवी तक्रार म्हणजे थरथर. ताशीं साठ-ऐशीं किलोमीटरच्या सुमारास, ॲक्सिलरेटर हलकेंच दाबलेला असतांना, गाडी खरखरीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी क्षणभर कांपते. मालक प्लग बदलतो, चाकें तोलून घेतो, थरथर कायमच! अशा वेळीं मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागें वाहन नाहीं असें पाहून, ॲक्सिलरेटर न सोडतां डाव्या पायानें ब्रेकला नुसता स्पर्श करावा. मागचा दिवा लागण्यापुरताच. डाव्या पायास ह्या नाजूक कामाची संवय नसते, हें विसरूं नये. बहुतेक गाड्यांत तेवढ्यानेंच लॉक-अप सुटतो. थरथर तत्काळ थांबली तर दोष या क्लचकडे. तशीच राहिली तर इंजिनाकडे पाहावें.

दोष क्लचकडे आला म्हणून गिअरबॉक्स लगेच उतरवूं देऊं नये. त्या कामाचा खर्च जुन्या गाडीच्या किंमतीशींहि स्पर्धा करूं शकतो. पुष्कळदां दोषी असतें तें तेल. घर्षण मऊ ठेवणारीं त्यांतील द्रव्यें कालांतरानें संपतात. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलेंच तेल घालावें. ‘कोणत्याहि गाडीस चालतें’ या आश्वासनावर माझा विश्वास नाहीं. शिवाय खालचें भांडें रिकामें केलें तरी बरेंच जुनें तेल कन्व्हर्टरांतच राहतें, म्हणून एका बदलानें गुण न आल्यास निराश होऊं नये. तेलांत क्लचच्या अस्तराचा काळा चुरा पुष्कळ दिसला, तर मात्र नवीन कन्व्हर्टरावांचून गत्यंतर नाहीं.

लॉक-अप लागतच नसेल तर पेट्रोल अधिक जातें व तेल तापतें. ब्रेकच्या त्याच स्पर्शानें इंजिनाचे फेरे मिनिटास सुमारें दोनशेंनीं वाढावयास हवेत; कांटा ढळला नाहीं, तर लॉक-अप लागलेलाच नव्हता. मग प्रथम गाडीच्या मागें उभें राहून पाहावें. ब्रेक न दाबतां दिवा जळत असेल, तर बिघाड त्या पेडलाजवळच्या क्षुल्लक स्विचचा! थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन पुरतें तापत नसेल, तरीहि गाडीचा संगणक लॉक-अप लागूं देत नाहीं. तपासणींत ‘पी ०७४१’ हा आंकडा निघाला कीं कित्येक दुरुस्तीवाले कन्व्हर्टरास दोषी ठरवून मोकळे होतात. वास्तविक तो आंकडा लॉक-अप नीट लागत नाहीं एवढेंच सांगतो. कां लागत नाहीं, हें सांगत नाहीं.

याच्या उलट, लॉक-अप सुटलाच नाहीं तर थांबण्याच्या क्षणीं इंजिन गचका खाऊन बंद पडतें. साध्या मोटारींत क्लच न दाबतां ब्रेक लावल्यावर पडतें, तसेंच. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत जनरल मोटर्सचा ‘१२५-सी’ गिअरबॉक्स याविषयीं प्रसिद्ध होता. तेलाची वाट उघडझांक करणारा लहानसा विद्युत्-झडपेचा भाग, सोलेनॉइड, त्यांत अडकून बसे. जाणते कारागीर त्याच्या तारेची जोडणी काढून गाडी फिरवून आणीत. इंजिन बंद पडणें थांबलें कीं ते नवा सोलेनॉइड मागवीत, आणि तो गिअरबॉक्स जागचा न हलवितां बसवीत.