पंखा वाढवून प्रोसेसरचा ताप उतरत नाही

मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा 42-43 च्या पुढे सरकतो. वालूरसारख्या गावातल्या पत्र्याच्या खोलीत दिवस मावळला तरी भिंतींना हात लावला की ऊब लागते. अशा खोलीत एखाद्याने प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या पुढे पळवला, आणि कॅबिनेट घोंघावायला लागलं, की मित्रांचे सल्ले ठरलेले असतात : अजून एक पंखा बसव, नाहीतर सरळ वॉटर कूलिंग घे. यातला एकही सल्ला अगदीच खोटा नाही, पण दोन्ही शेवटच्या पायरीपासून सुरू होतात. आवाज आणि उष्णता हे दोन वेगळे आजार नव्हेत. जी उष्णता तयारच झाली नाही, ती बाहेर फेकायला पंखा लागत नाही. त्यामुळे गार आणि शांत कॉम्प्युटर हवा असेल तर सुरुवात पंख्यापासून नव्हे, व्होल्टेजपासून करावी लागते.

वेग वाढवला म्हणून प्रोसेसर तापतो, हा समज अर्धाच बरोबर आहे. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही 10 टक्के चढवलं, तर हिशेब 1.1 गुणिले 1.1 गुणिले 1.1 असा होतो. म्हणजे दहा टक्के वेगासाठी सुमारे 33 टक्के जास्त उष्णता. उलट वेग तोच ठेवून व्होल्टेज 10 टक्के उतरवता आलं, तर उष्णता 19 टक्क्यांच्या आसपास घटते, आणि तीही एक रुपया न खर्चता. या हिशेबापुढे मोठमोठ्यांनी हात टेकले आहेत. इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 बाजारात आणायचा बेत 2004 मध्ये सोडून दिला आणि नंतर सगळा उद्योगच एका चिपमध्ये जास्त कोअर बसवण्याकडे वळला. ‘थंड ठेवला की व्होल्टेज कितीही द्या’ हा समज तर त्याहून महाग पडतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा 2024 मध्ये कंपनीनेच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजकडे बोट दाखवलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली. चांगला कूलर तापमान उतरवतो. व्होल्टेजने होणारी झीज त्याच्या हातात नसते.

आता वॉटर कूलिंग. पाणी आहे म्हणजे प्रोसेसर खोलीपेक्षा गार राहील, असं अनेकांना वाटतं. पण या यंत्रणेतलं पाणी बंद नळीत फिरतं. प्रोसेसरची उष्णता घेऊन ते रेडिएटरमध्ये जातं आणि तिथे ती खोलीच्याच हवेत सोडतं. म्हणजे खोलीचं तापमान हा तळ, त्याच्या खाली जाता येत नाही. एखादा कूलर भर कामात प्रोसेसरला हवेपेक्षा 55 अंश वर रोखून धरत असेल, तर 22 अंशांच्या वातानुकूलित खोलीत तो आकडा 77 दिसेल आणि 38 अंशांच्या खोलीत 93. परदेशी चाचण्यांचे आकडे वाचून कूलर घेणाऱ्याची इथेच फसगत होते. यावर कुणी विचारेल, मग माठातलं पाणी हवेपेक्षा गार कसं होतं? माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. बंद नळीतलं पाणी उडतच नाही. वालूरच्या गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेत भर उन्हाळ्यातही गारवा असतो, कारण खोलवरची जमीन वर्षभराच्या सरासरी तापमानाजवळ असते, दुपारच्या पाऱ्याशी तिला देणंघेणं नसतं. उष्णता शेवटी कशात टाकता, यावर सगळं अवलंबून आहे. पुण्याच्या आयसरमध्ये 2019 साली सी-डॅकचा ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसला, त्याचे प्रोसेसर पाण्यानेच थंड केले जातात, हे खरं. पण तिथे अनेक प्रोसेसर दाटीने बसवलेले आहेत आणि पाणी त्यांची उष्णता दूर वाहून नेतं. घरी तेच पाणी उष्णता वीतभर अंतरावर, त्याच खोलीत ओततं.

पंख्यांचं गणितही असंच फसवं. 200 वॅटची उष्णता मिनिटाला 50 घनफूट हवेने बाहेर काढली, तर ती हवा साधारण सात-आठ अंशच तापते. हवा दुप्पट केली तरी कॅबिनेटमधल्या हवेत फार तर चार अंशांचा फरक पडेल. पण त्यासाठी तोच पंखा दुप्पट वेगाने फिरवला तर आवाज सुमारे 15 डेसिबलने चढतो, म्हणजे कानाला दुपटीहून जास्त. याउलट एकाच्या जागी दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवले, तर हवा जवळपास तेवढीच येते आणि आवाज सुमारे 12 डेसिबलने उतरतो. म्हणून पंखे वाढवायचे ते हळू फिरवण्यासाठी. आणि 80 मिलिमीटरच्या किरकिऱ्या पंख्यापेक्षा 140 चा संथ पंखा कधीही बरा. थर्मल पेस्टचा थर जाड दिला की गारवा जास्त, हा समज तर आता निवृत्त व्हायला हवा. पेस्ट तांब्याच्या तुलनेत फार वाईट वाहक आहे. फटीत अडकलेल्या हवेपेक्षा बरी, एवढंच तिचं कर्तृत्व. वाटाण्याएवढा ठिपका पुरतो.

राहता राहिला डेझर्ट कूलर, ज्याच्याजवळ कॉम्प्युटर ठेवायला लोक भितात. ओल धरेल, ही भीती. पाणी जमतं ते हवेतल्या दवबिंदूपेक्षा गार पृष्ठभागावर. चालू प्रोसेसर कायम हवेपेक्षा गरम असतो, त्याच्यावर दव धरणार कसं? उलट मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात डेझर्ट कूलर हवा 10-15 अंशांनी सहज उतरवतो, आणि खोली जितकी उतरेल तितकाच प्रोसेसरही. खरा धोका उडणाऱ्या थेंबांचा आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा आहे, म्हणून झोत थेट कॅबिनेटवर नको आणि समोरची खिडकी उघडी हवी. मृगानंतर हवा दमट झाली की ही सोय संपते. तेव्हा व्होल्टेज उतरवलेला प्रोसेसरच कामाला येतो. आणि दिवाळीच्या सुमाराला कापूस घरात आला की कॅबिनेटची पुढची जाळी एकदा काढून उजेडात धरा. आरपार दिसत नसेल, तर नवा पंखा मागवण्याआधी ती धुऊन, पूर्ण वाळवून परत लावा.