बुडखे खरडणारं घरगुती यंत्र आणि छोटा ट्रॅक्टर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बांधावरची बाभूळ तुटते, पडीक तुकड्यातली निलगिरी किंवा सुबाभूळ विकली जाते, जुनी बाग काढली जाते. लाकूड गाडीत भरून जातं आणि बुडखे रानातच राहतात. पुढच्या हंगामात त्यांत नांगराचा फाळ अडकतो, रोटरची पाती वाकतात. जेसीबी बोलवावा तर दोन-चार बुडख्यांसाठी तो परवडत नाही. शिवाय तो उभ्या पिकातून वाट काढतो आणि मागं मोठा खड्डा ठेवतो. अशा वेळी आपल्याच छोट्या ट्रॅक्टरमागे बुडखे खरडणारं यंत्र, म्हणजे स्टंप ग्राइंडर, बसवावं असं वाटणं साहजिक आहे.

शिरूर आणि दौंडच्या माणसाला हे अवघड वाटायचं कारण नाही. सणसवाडीत जॉन डिअरचे ट्रॅक्टर तयार होतात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मास्किओ गास्पार्दोचा रोटाव्हेटरचा आणि कॅरारोचा गिअर-अ‍ॅक्सलचा कारखाना आहे. दौंडकडे कुरकुंभची वसाहत आणि साखर कारखान्यांचा परिसर आहे. लेथ, वेल्डिंग, भंगारातलं चांगलं लोखंड आणि ते हाताळणारे कसबी कारागीर इथे जागोजागी भेटतात. कमी पडतो तो हिशोब. असं यंत्र घरी बनवता येतं, पण वेल्डिंगची ठिणगी पडण्याआधी आकडे मांडावे लागतात. ते न मांडता जे समज धरले जातात, त्यातले महत्त्वाचे इथे तपासू.

गैरसमज १ : हे यंत्र बुडखा मुळासकट उपटतं.

वस्तुस्थिती : ते काहीच उपटत नाही. फिरत्या चाकावरचे दात लाकडाचा भुसा करत खाली जातात आणि साधारण अर्धा ते एक फूट खोलीपर्यंतचा बुडखा संपवतात. त्याखालची मुळं जमिनीतच कुजतात. रोटर, पेरणी किंवा भाजीपाल्याचे वाफे यांच्यासाठी एवढं पुरतं. उसासाठी खोल नांगरट करायची असेल, पाइपलाइन टाकायची असेल किंवा घराचा पाया घ्यायचा असेल, तर तिथे जेसीबीच योग्य. कोणतं काम कोणाचं हे आधी ठरवलं, तर निम्मा खर्च वाचतो.

गैरसमज २ : ट्रॅक्टर २४ एचपीचा आहे, म्हणजे चाकाला २४ एचपी मिळणार.

वस्तुस्थिती : बॉनेटवरचा आकडा इंजिनचा असतो. पीटीओपर्यंत, म्हणजे मागच्या अवजाराला ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्यापर्यंत, पोचताना त्यातली १० ते १५ टक्के ताकद वाटेत खर्च होते. २४ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण २० एचपी धरून चालावं. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. तिच्या अहवालात पीटीओची ताकद वेगळी दिलेली असते, तोच आकडा धरावा.

आणखी एक गोष्ट पाहावी लागते. काही ट्रॅक्टरना पीटीओच्या नेहमीच्या ५४० फेऱ्यांसोबत ५४०-ई असा पर्याय असतो. त्यात इंजिन कमी फेऱ्यांवर चालतं, डिझेल वाचतं, पण ताकदही कमी मिळते. फवारणीला ते चांगलं, बुडख्याला नाही.

गैरसमज ३ : जुन्या रोटरचा गिअरबॉक्स घेतला, त्यावर दातांचं चाक बसवलं की यंत्र तयार.

वस्तुस्थिती : घरगुती यंत्रं इथेच सर्वांत जास्त फसतात. रोटरचा गिअरबॉक्स वेग कमी करण्यासाठी बनवलेला असतो. पीटीओकडून मिनिटाला ५४० फेरे येतात आणि पात्यांचा दांडा साधारण दोनशेच्या आसपास फिरतो. माती उलटायला तो वेग बरोबर आहे. बुडख्यावर मात्र दात लाकडात रुततो, चाक अडतं आणि सगळा झटका गिअर व क्रॉसवर येतो.

४५० मिलिमीटर व्यासाचं चाक धरा. मिनिटाला २०० फेरे असतील, तर दाताच्या टोकाचा वेग ताशी १७ किलोमीटर होतो. ५४० फेऱ्यांना तो ४६ किलोमीटर होतो आणि वेग तिप्पट करून १,६२० फेरे केले तर सुमारे १३७ किलोमीटर. वेग जास्त असला की दात दर फेऱ्याला थोडंच लाकूड काढतो, पण काम सुरळीत होतं. म्हणून इथे वेग वाढवणारा गिअरबॉक्स लागतो, किंवा मोठ्या पुलीवरून लहान पुलीवर जाणारे पट्टे.

वेग वाढवला की पीळ (टॉर्क) त्याच प्रमाणात कमी होतो, हेही लक्षात ठेवावं. २० एचपीला ५४० फेऱ्यांवर सुमारे २६० न्यूटन-मीटर पीळ मिळतो, तो १,६२० फेऱ्यांवर ८७ च्या आसपास उरतो. त्यामुळे चाक बुडख्यावर दाबून चालत नाही. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर खाली उतरवायचं आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवायचं. पट्टे वापरायचे तर एका-दोन बी-सेक्शन पट्ट्यांना २० एचपी पेलत नाहीत. पट्ट्यांची संख्या उत्पादकाच्या तक्त्यावरून ठरवावी.

गैरसमज ४ : पाट्याचे तुकडे वेल्ड केले की मजबूत दात होतात.

वस्तुस्थिती : गाडीचा पाटा म्हणजे जास्त कार्बनचं स्प्रिंग स्टील. त्यावर थेट वेल्डिंग केलं की जोडालगतचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो. वरून टाका भरदार दिसतो, पण तडा शेजारी जातो. टंगस्टन कार्बाइडच्या टिपा तर साध्या आर्क वेल्डिंगने बसतच नाहीत. त्या ब्रेझिंगने बसवाव्या लागतात.

दात सुटला तर काय होतं ते आकड्यांत पाहा. २०० ग्रॅमचा दात ४५० मिलिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेला आहे. ५४० फेऱ्यांना त्याला बाहेर फेकणारा जोर १५ किलोच्या वजनाएवढा असतो. १,६२० फेऱ्यांना तोच जोर १३० किलोच्या पुढे जातो. वेग तिप्पट झाला की जोर नऊपट होतो, आणि टाक्याची ताकद तेवढीच राहते.

म्हणून स्टंप ग्राइंडरचे कार्बाइड दात आणि त्यांचे धारक तयार विकत घ्यावेत आणि ते चाकात खाचा करून बोल्टने बसवावेत. दाताचा भार खाचेच्या धातूवर यावा, नुसत्या बोल्टवर नाही. आपल्याकडे मुरूम आणि दगडगोटे भरपूर आहेत. कार्बाइड झिजेला टिकतं, पण दगडाच्या धक्क्याने तुटतं. त्यासाठी बुडख्याभोवतीची माती आणि दगड आधी कुदळीने मोकळे करावेत. पुरलेली पाइपलाइन, ठिबकची नळी आणि मोटारीची केबल कुठून गेली आहे, हेही याच वेळी पाहून घ्यावं.

गैरसमज ५ : चाक जितकं जड तितकं चांगलं. तोल नंतर पाहता येईल.

वस्तुस्थिती : जड चाक गती टिकवतं हे खरं. पण १,६२० फेऱ्यांवर एका बाजूला १०० ग्रॅम वेल्डिंग जास्त पडलं आणि ते मध्यापासून २० सेंटिमीटरवर असलं, तर सुमारे ६० किलोचा झटका सेकंदाला २७ वेळा बेअरिंगवर बसतो. बेअरिंग टिकत नाही, बोल्ट ढिले होतात आणि सांगाड्याला तडे जातात. चाक लेथवर चालवून घ्यावं, समोरासमोरचे दात एकाच वजनाचे घ्यावेत आणि पहिल्यांदा फिरवण्याआधी तोल तपासून घ्यावा.

गैरसमज ६ : शिअर बोल्ट सारखा तुटतो, म्हणून हाय टेन्साइल बोल्ट टाकावा.

वस्तुस्थिती : शिअर बोल्ट तुटण्यासाठीच असतो. घरातला फ्यूज जळतो आणि वायरिंग वाचतं, तसाच हा दोनशे ग्रॅमचाही नसलेला बोल्ट स्वतः तुटून गिअरबॉक्स वाचवतो. त्याच्या जागी कडक बोल्ट किंवा सळईचा तुकडा टाकला, की पुढची कमजोर जागा पीटीओचा दांडा किंवा ट्रॅक्टरच्या आतले गिअर ठरतात. बोल्ट वारंवार तुटतो याचा अर्थ आपण चाक जास्त दाबतोय, किंवा वेगाचं प्रमाण चुकलंय. बुडख्याच्या कामात चाक वरचेवर अडतं, त्यामुळे स्लिप क्लच असलेला पीटीओ शाफ्ट घेतला तर उत्तम.

गैरसमज ७ : क्लच दाबला की यंत्र थांबतं.

वस्तुस्थिती : ४५० मिलिमीटर व्यासाचं आणि २५ मिलिमीटर जाड पोलादी चाक सुमारे ३१ किलोचं होतं. १,६२० फेऱ्यांवर त्यात साठलेली ऊर्जा एक टन वजन एक मीटरहून जास्त वर उचलण्याएवढी असते. क्लच दाबला तरी ते चाक फिरत राहतं. ज्या ट्रॅक्टरचा पीटीओ गिअरबॉक्सच्या क्लचवरच चालतो, तिथे फिरतं चाक उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं. त्यासाठी पीटीओ शाफ्टवर एकाच दिशेने ताकद देणारा ओव्हररनिंग क्लच बसवावा. इंजिन बंद करून चाक पूर्ण थांबल्याशिवाय कोणीही मागे जाऊ नये.

गैरसमज ८ : लिफ्ट ७५० किलो उचलते, म्हणजे ३०० किलोचं यंत्र सहज पेलतं.

वस्तुस्थिती : लिफ्टची क्षमता खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते. यंत्राचा भार त्याहून मागे गेला की ती कमी होते. त्याआधीच पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग लागत नाही. बांधावर किंवा उतारावर ते जिवावर बेततं. यंत्र ट्रॅक्टरच्या जवळ राहील असा सांगाडा बनवावा, पुढे वजनं लावावीत आणि बाजूच्या साखळ्या ताणून घ्याव्यात, नाहीतर चाक बुडख्यावरून सरकून ट्रॅक्टर आडवा ओढतं. यंत्र वर उचलताना पीटीओ शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉसवर ताण येतो. म्हणून आधी पीटीओ बंद करायचा, मग लिफ्ट उचलायची.

गैरसमज ९ : शाफ्टची भानगड नको, हायड्रोलिक मोटर बसवली की काम झालं.

वस्तुस्थिती : छोट्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला २० लिटर तेल १५० बार दाबाने देत असेल, तर त्यातून ५ किलोवॉट, म्हणजे पावणेसात एचपी मिळतात. पीटीओच्या ताकदीचा हा एक तृतीयांश भागच होतो. आणि तेल तापतं ते वेगळंच. हायड्रोलिकचा खरा उपयोग चाक आडवं फिरवणारा सिलिंडर चालवण्यासाठी आहे. त्याला एवढं तेल भरपूर होतं आणि चालकाला सीटवरून न उठता चाक फिरवता येतं.

गैरसमज १० : गार्ड म्हणजे विकत घेणाऱ्यांचं कौतुक. आपण सांभाळून काम करतो.

वस्तुस्थिती : ५४० फेऱ्यांचा शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो. उपरण्याचं टोक, साडीचा पदर किंवा सैल बाही त्यात गुंडाळायला सेकंदही लागत नाही. माणसाचा हात त्या वेगाने मागे येत नाही. मळणी यंत्रांनी शेतकऱ्यांचे इतके हात घेतले की १९८३ साली केंद्राला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. पीटीओ शाफ्टवर पूर्ण लांबीचं प्लास्टिकचं आवरण हवं. चाकावर तिन्ही बाजूंनी जाड पत्र्याचं आच्छादन आणि मागे जुन्या कन्व्हेअर बेल्टच्या रबराचा पडदा हवा. काम चालू असताना पोरंसोरं, मजूर आणि जनावरं लांब ठेवावीत. चालकाने डोळ्यांना चष्मा आणि पायात बंद बूट घालावेत.

गैरसमज ११ : बुडखा खरडला की झाड मेलं आणि भुसा म्हणजे खत.

वस्तुस्थिती : वेडी बाभूळ, सुबाभूळ आणि निलगिरी बुडख्यातून पुन्हा फुटतात. खोड आणि मूळ जिथे मिळतात तो जमिनीखालचा भाग राहिला, तर पावसाळ्यात कोंब येतातच. तेवढ्या खोलीपर्यंत खरडावं आणि पुढच्या पावसात एकदा फेरी मारून उरलेले कोंब काढावेत.

ताज्या लाकडाच्या भुशात कार्बन फार आणि नत्र अगदी कमी. तो मातीत मिसळला तर कुजताना जिवाणू जमिनीतलं नत्र वापरतात आणि पीक पिवळं पडतं. भुसा गोळा करून शेणासोबत वेगळा कुजवावा आणि खड्डा मातीने भरावा.

डाळिंबाच्या बागेत तर आणखी सावध राहावं. मर रोगाने गेलेल्या झाडाच्या खोडात आणि मुळांत सेराटोसिस्टिस नावाची बुरशी असू शकते. अशा बुडख्यावर यंत्र चालवणं म्हणजे रोगट लाकडाचा भुसा रानभर पसरवणं. ती झाडं मुळासकट काढून जाळावीत. निरोगी झाडं खरडल्यावरही दुसऱ्या बागेत जाण्याआधी चाक आणि दात धुऊन घ्यावेत.

गैरसमज १२ : झाड आपल्या बांधावरचं, मग परवानगी कशाला?

वस्तुस्थिती : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आंबा, चिंच, साग यांसारखी झाडं आहेत. ती खाजगी जमिनीवर असली तरी तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. बुडख्याचा विचार त्यानंतरचा.

मग घरी काय बनवावं आणि विकत काय घ्यावं? सांगाडा, थ्री पॉइंटचे कान, आडवं फिरण्याची बिजागरी आणि आच्छादन आपल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. ते काम इथे उत्तम होतं आणि पैसाही तिथेच वाचतो. गिअरबॉक्स, बेअरिंग, दात, त्यांचे धारक आणि गार्डसह पीटीओ शाफ्ट मात्र तयार घ्या, त्यात काटकसर नको.

आणि कारागिराकडे जाण्याआधी वहीच्या एका पानावर तीन गोष्टी लिहा : पीटीओवर मिळणारी ताकद, चाकाचे मिनिटाला फेरे आणि चाक अडलं तर आधी काय तुटणार किंवा घसरणार. या तिन्हींची उत्तरं लिहिता आली तर खुशाल यंत्र बनवा. एकाचंही उत्तर सापडलं नाही, तर ते सापडेपर्यंत ट्रॅक्टरला जोडू नका.