खापरे, खांब आणि बोरघाट

तळेगावहून चाकणला जाताना इंद्रायणीकाठी इंदुरी लागते. सेनापती दाभाड्यांचा किल्ला डोळ्यांत भरतो, पण तो अठराव्या शतकातला, म्हणजे या वाटेच्या मानाने कालचाच. रस्त्यावर कंटेनरची रांग असते. चाकणचा माल बोरघाट उतरून न्हावाशेवा बंदराला लागतो. त्या रांगेत अडकलो की मला हटकून कार्ल्याचे खांब आठवतात.

कार्ल्याच्या लेण्यांतल्या चैत्यगृहात सदतीस खांब आहेत. त्यांतले अनेक ज्यांनी दिले त्यांची नावे त्यांच्यावरच कोरलेली आहेत. दाते बरेचसे धेनुकाकट नावाच्या गावचे आणि त्यांपैकी कित्येक स्वतःला ‘यवन’ म्हणवणारे. नावे मात्र सिंहध्वज, यशोवर्धन अशी अस्सल इथली. हे ग्रीक होते, त्यांचे इथे रुजलेले वंशज होते की आणखी कोणी, यावर पंडित अजून भांडतात. दाराच्या कामाचे दान एका गांधिकाचे, म्हणजे अत्तरविक्याचे. चैत्यगृह पुरे करणारा श्रेष्ठी भूतपाल आला वैजयंतीहून, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीहून. एक खांब सोपाऱ्याच्या भिक्षूचा. पलीकडे बेडशाला नाशिकच्या श्रेष्ठीच्या मुलाचे दान आहे. बंदर, घाट आणि देशावरची पेठ, तिन्ही टोके मावळातल्या कातळावर एकत्र सापडतात.

‘मावळ’ हे नावही त्याच दगडावर आहे. कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखात या मुलखाला ‘मामाल’ आहार म्हटले आहे. सरकारी दप्तरात इतकी जुनी नोंद असलेले तालुके महाराष्ट्रात थोडेच असतील.

पण माल कुठे आहे? अत्तर उडून गेले, कापड कुजले, मिरी लोकांनी खाल्ली. लांबच्या व्यापाराची खरी पंचाईत हीच आहे, की सर्वांत जास्त खपणारी वस्तूच मागे उरत नाही. उरतात ती भांडी. म्हणून पुराणवस्तूंचा अभ्यासक सोन्यापेक्षा खापरीवर अधिक जीव टाकतो. पेरिप्लस हा पहिल्या शतकातला ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याचा मार्गदर्शक. त्यात भडोचला इटलीची दारू, तांबे, कथील, पोवळे, काच उतरते. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून, म्हणजे आपल्या तेरहून, कापड गाड्यांतून तिकडे जाते. सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरेही त्यात आहेत. कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशीही तक्रारवजा नोंद आहे. जकातीवरून राज्यांची ओढाताण आजची नाही.

या व्यापाराच्या खुणा जमिनीतून निघाल्या त्या मावळाबाहेर. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीला 1940च्या दशकात कांस्यवस्तूंचा साठा सापडला. त्यात पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती होती; ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या आत, घाटावर, समुद्राचा देव! तेर आणि भोकरदनला हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या. त्यांची जवळची बहीण 1938 साली इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेत सापडली. ते शहर इसवी सन 79 मध्ये गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून गेली होती. ती भोकरदनलाच घडली असावी, असे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांचे मत होते. इजिप्तमधल्या, तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात तर देवळाच्या आवारात भारतीय बनावटीचा रांजण सात किलोंहून जास्त काळ्या मिरीसकट मिळाला, शिवाय भारतीय सागवान आणि सुती कापडही. आपल्याकडे नाहीसा झालेला माल तिथल्या कोरड्या वाळूने राखून ठेवला.

आता थोडे सावधपणाचे. ‘रोमन’ म्हटले की आपल्याला अभिमानाचे भरते येते. नेवाशाला प्रवराकाठी पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी 1950च्या दशकात खणले, तेव्हापासून सापडलेली खापरे सरसकट दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या रोमन मद्यकुंभांची ठरत गेली. पुढे प्राचीन भांड्यांच्या अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतभरची अशी खापरे पुन्हा हाताळली. त्यांतली बरीच इटलीची नव्हेतच, तर इराणी आखाताकडून आलेल्या, आतून डांबर लावलेल्या, बिनकानी लांबट रांजणांची निघाली. काळही बराच नंतरचा. मला या दुरुस्तीने व्यापार लहान झाल्यासारखा वाटत नाही. उलट गिऱ्हाईक वाढले. रोम मावळला तरी बसरा-सिराफच्या बाजूचे खलाशी येतच राहिले.

इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्याहून या टेकड्यांत पायी हिंडत. लेणी एकांतासाठी नव्हे, तांड्यांच्या वाटांना धरून कोरली आहेत, हे त्यांनी पायांनी ताडून पाहिले. धेनुकाकट म्हणजे कार्ल्याजवळचे देवघर, हे त्यांचे अनुमान मात्र मला अजून कच्चेच वाटते. धेनुकाकटचे नाव इंदुरीच्या अगदी शेजारीही येते. घोरावाडीजवळच्या शेलारवाडी लेण्यात धेनुकाकटच्या एका नांगरधाऱ्या कुटुंबाच्या बाईने लेणे दिल्याचा लेख आहे. व्यापाऱ्यांच्या गावातली ही शेतकरीण. गाड्यांना बैल, तांड्याला धान्य आणि वैरण तिच्यासारख्यांच्याच घरातून गेली असणार.

इंदुरी-तळेगाव पट्ट्यात आज जेसीबी रोज पाया खणतो. आपल्या गावाच्या पांढरीत किंवा नदीकाठच्या दरडीत जाड, आतून काळा लेप असलेले, किंवा कान तुटलेले खापर दिसले, तर ते खिशात घालू नका, धुऊन घासूही नका. जागेचा आणि थराचा फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. कारण थरातून उपटलेल्या खापराला मग काहीच सांगता येत नाही.